चाळणीची लय

स्वयंपाकघरातून बाहेर यायला वालिकोला
आज अकरा मिनिटं लागली.
उंबरा दोन बोटं उंच.
हाच माणूस कधीकाळी दोरावरच्या पाळण्यातून
क्विरिला नदी ओलांडायचा,
खाली नुसती पोकळी,
आणि हा वर सफरचंद खात.

पाय थिजतात. डॉक्टरीण एतेरी म्हणाली,
मँगेनीज आहे हे, खाणीतल्या तीस वर्षांचं,
डोक्यात जाऊन बसलंय.
चियातुरात ते घरोघरी असतं,
पडद्यांवर, जर्दाळूच्या पानांवर.
आमच्याकडे नवऱ्यात आहे.

गोळ्यांनी हात थांबले, पाय काही सुटले नाहीत.
मग ती म्हणाली, ठेका द्या त्याला.
डोक्याला वाट सापडत नसली
तरी कानाला सापडते कधीकधी.

मुलगी इटलीत असते, बारीला,
एका परक्या म्हातारीला आंघोळ घालते.
तिने फोनवर टिकटिक पाठवली.
टिक. टिक. टिक.
वालिको म्हणाला, हे तर हजेरीचं घड्याळ.
आणि जागचा हलला नाही,
पगार कापा हवा तर, अशा चेहऱ्याने.

मग मी लग्नातलं गाणं म्हणून पाहिलं,
ज्याच्यावर तो टाचा न टेकवता नाचला होता.
त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाय तिथेच.
रडणं कुणाला हवं होतं? मला फरशी पुसायची होती.
शेजारच्या नोदारने ढोल आणला,
दोन थापा मारल्या,
आमची दारू पिऊन गेला.

एका सोमवारी मी राजमा चाळत बसले होते,
तोंडाने काहीबाही पुटपुटत.
मान वर केली तर हा पुढ्यात.
उंबऱ्याच्या अलीकडे.
कसा आलास?
"तू चाळत होतीस ना," म्हणाला.

चाळणीघर. खनिज धुवायची जागा.
पाणी, पट्टे, पत्र्याचं छप्पर,
शेजारणीची किंकाळीही ऐकू येऊ नये असा गदारोळ.
तिथे मी बावीस वर्षं गुणगुणले,
तीन हिसके, एक दम, तीन हिसके, एक दम,
कंबर धरू नये म्हणून, दुसरं काही नाही.
ते मला स्वतःलाही ऐकू येत नसे.

"ओठ दिसायचे," वालिको म्हणाला.
"पाळी सुटली की गजांपलीकडे उभा राहायचो.
आवाज कुठला यायला!
पण ओठांवरून मोजता यायचं."
त्रेचाळीस वर्षं संसार झाला,
हे आज सांगतोय.

तेव्हापासून मी दिवसभर चाळते.
संडासापर्यंत चाळते, जिना उतरताना चाळते,
पावाच्या भट्टीपुढे रांगेत चाळते, बायका हसतात.
मागून हा, कोंबड्यासारखा टाचा उचलत.
बरा झालेला नाही, गैरसमज नको.
दम चुकला की पाय पुन्हा जमिनीचे.
आणि कंटाळा येतो मला.
एखाद्या दिवशी मुद्दाम गप्प बसते.
तो दारात उभा राहतो,
हाक मारत नाही.
त्याचाच राग येतो जास्त.

ऑक्टोबरात माझा घसा बसला.
रात्रभर नुसता खोकला, शब्द फुटेना.
तो उठला, कसाबसा पाण्यापर्यंत गेला,
पेला भरला,
आणि परतताना उंबऱ्याशी अडकला.
मी अंधारात हात हलवला, राहू दे, म्हणून.
त्याला तो दिसला नसणार.

"दिवा लाव," म्हणाला.
"तोंड दिसू दे तुझं."

लावला.
तीन हिसके, एक दम.

अर्धा पेला सांडला वाटेत.
उरलेला मी प्यायले.