ळ

सेतू कार्यालयात, काचेच्या अर्धगोल भोकातून
बाईंनी विचारलं, "मूळ गाव?"
बा पुढे झाला, टोपी काढली
आणि माझ्याकडे बोट केलं:
"मूल? एकच. ही."

रांग हसली. मीही हसले, जरा उशिरा.

बाला ळ म्हणता येत नाही.
सव्वीस वर्षं झाली नाशकात,
अजून सकाळ त्याची सकाल,
आणि मला उशीर झाला की
फोनवर म्हणतो, "कालजी वाटते."
मला ती काळजीपेक्षा जुनी वाटते,
कालपासूनची, परवापासूनची.

मला ळ येतो. जरा जास्तच येतो.
बारा वर्षांची असताना एकदाच गेले बाजुराला,
दोन रात्री रेल्वे, दीड दिवस बस, मग पायी.
तिथे चुलत बहिणींनी माझ्या नेपाळीतून
तो वेचून काढला, तांदळातल्या खड्यासारखा.
"ए इन्डियाली, परत म्हण ना."
मी परत म्हटलं. दिवसभर म्हटलं.
पाहुणी होते, नाही कसं म्हणणार.

इथे दुसरी गंमत.
शरणपूर रोडला, तिबेटी लोकांच्या स्वेटरबाजारात
गिऱ्हाईक मलाच भाव विचारतं.
मिसळीच्या टेबलावर मागून आवाज येतो,
"चायनीज पुढच्या गल्लीत मिळतं."
टाळेबंदीत एक नाव पडलं होतं, ते लिहीत नाही.
आणि सगळ्यात गोड ते काका:
"अरे वा, मराठी किती छान बोलते ही!"
जसं काही माझ्या तोंडात मराठी
सर्कशीतली सायकल चालवते.

इतिहासाच्या बेदरकर मॅडम एकदा सहज सांगून गेल्या,
याच शरणपुरात दीडशे वर्षांपूर्वी
आफ्रिकेची मुलं राहायची,
गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली.
लोहारकी शिकली, सुतारकी शिकली,
मग त्यांतल्या बऱ्याच जणांना परत धाडलं
मोंबासाच्या बाजूला. घरी नव्हे,
घर कुठलं ते कुणाला ठाऊक होतं?
तास संपला. परीक्षेला ते नव्हतंच.

मी मात्र त्या रस्त्याने सायकल काढली की
मनात येतं, तिकडे समुद्राकाठी
त्यांच्यातली एखादी, लेकराला थोपटताना,
चुकून "बाळ" म्हणाली असेल का?
आणि शेजारणी हसल्या असतील?

चारुताच्या खापरपणजोबांची सही
रामकुंडावर उपाध्यांच्या वहीत सापडली.
मोडीत होती, तिला वाचता आली नाही,
तरी ती रडली.
मी म्हटलं, गुरुजी, आमचं बघता का, रोकाया, बाजुरा.
त्यांनी चष्मा पुसला, दोन वह्या खरंच उलगडल्या.
"तिकडचे यजमान आमच्याकडे नाहीत गं, पोरी."
चांगला माणूस होता. दक्षिणा घेतली नाही.

आमची वही वेगळी होती.
गंगापूर रोडच्या सोसायटीच्या गेटावर,
दोरीने बांधलेलं पेन, कडेला चहाचे डाग.
नाव, कुठून, कुणाकडे, आत, बाहेर.
शाळेतून आले की बा माझीही नोंद करायला लावायचा,
नियम म्हणजे नियम.
जमुना रोकाया. शाळेतून. बाकडे. १२.४०.
अक्षर वळलं ते त्याच रकान्यांत.
शेवटचा रकाना मी कधी भरला नाही,
त्यानेही कधी टोकलं नाही.
त्या वह्या पुढे रद्दीत गेल्या, किलोवर.

"अहो, मूळ गाव," बाई पुन्हा म्हणाल्या,
या वेळी मोठ्याने, हिंदीच्या चालीत.
मागचा माणूस घड्याळ बघतोय.
अर्ज काचेखाली, पेन माझ्या हातात,
आणि बाने
बोट अजून खाली घेतलेलं नाही.