एकोणीस लिटर

रूवीच्या ऑफिसात एसी अठरावर
आणि मला घाम फुटला.
काचेबाहेर चव्वेचाळीस.
समोरच्या रय्यानं टिश्यूचा डबा सरकवला,
विचारलं काहीच नाही.
तिचं तीन वर्षांपूर्वी आटोपलेलं.

मी तेव्हा एका फोरमनचा शेवटचा हिशेब करत होते:
बावीस वर्षं, इतके रियाल, इतके बैसे,
अधिक परतीचं तिकीट.
हेच माझं काम. माणसं निवृत्त होतात,
मी आकडा काढते.

डॉक्टर सबनीसबाई म्हणाल्या, मराठीत रजोनिवृत्ती.
मला हसू आलं. अडतीस वर्षांची नोकरी,
एक रजा भरपगारी नाही,
आणि शेवटी हातात काय, तर हाडांचा रिपोर्ट:
कणा, उणे एक पूर्णांक आठ.
उणे? कुणी वजा केलं? व्हाउचर कुठंय?

शिवाय ड जीवनसत्त्व कमी. ह्या देशात!
घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात,
ऊन आम्ही काचेतून बघतो
सोनाराच्या दुकानातल्या हारासारखं.

आई आठवली. पन्नाशीनंतर
ती थोडीथोडी बुटकी होत गेली.
आम्ही म्हणायचो, वय झालं.
फळीवरचा डबा काढून द्यायचो
आणि स्वतःला गुणी समजायचो.
डबा आपला आपण उचलत राहायचा असतो
हे तिला कुणी सांगितलं नाही.
आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं.

तर सुरुवात झाली तांदळाच्या पिशव्यांनी,
दोन हातांत दोन-दोन किलो.
सोफ्याच्या कडेवर ऊठ-बस, दहा वेळा,
मग गुडघ्यांची शिवीगाळ.
विनायक दारातून: हे काय नवीन?
म्हटलं, जुनंच आहे, डागडुजी चाललीय.

पहाटे मत्राच्या किनाऱ्यानं रय्या आणि मी.
तिच्या अबायाखाली भडक गुलाबी बूट.
ती इतकं भरभर चालते
की समुद्र बघायला मला थांबावं लागतं
आणि ती थांबू देत नाही.
मासळीबाजारात तारली घ्यायची,
काटे मऊ होईपर्यंत शिजवून सगळीच खायची.
नाचणी भाचीच्या बॅगेतून येते,
तीळ इथेच मिळतात, ताहिनीच्या बरणीत.
खजूर दोन. तिसरा मी रय्याची पाठ वळल्यावर खाते.

सगळ्यात अवघड मात्र वरण.
इतकी वर्षं सगळ्यांना वाढून झालं
की पातेल्यात उरेल ते पाणी माझं.
आता आधी माझ्या वाटीत डाव बुडवते, तळापासून.
पहिल्या दिवशी चोरी केल्यासारखं वाटलं.

खोटं कशाला सांगू, रात्री तशाच आहेत.
तीनला चादर फेकते, चारला शोधते.
मधल्या तासात जिवंत असलेल्या सगळ्यांवर राग येतो,
विशेषतः घोरणाऱ्यांवर.
गोळीबद्दल बाईंशी पुढच्या खेपेला बोलायचंय.

गेल्या शुक्रवारी विनायक सोहारला.
पाणीवाला शाहिदुल दारात बाटली ठेवून म्हणाला,
आत लावून देऊ?
गेली अकरा वर्षं मी हो म्हणत आले.
त्या दिवशी तोंडातून गेलं, राहू दे.
तो गेला आणि मला घाबरायला झालं.

पावलं रुंद. गुडघ्यांत वाकायचं, कमरेत नाही.
बाटली पोटाशी, पहिल्या बाळासारखी घट्ट.
वर आली. मांड्या थरथरल्या, पण आल्या बरोबर.
उलटी करताना अर्धा पेला पाणी
माझ्या गाऊनवर, फरशीवर, चपलेत.
मग आत एक मोठा बुडबुडा
ढेकर दिल्यासारखा वर गेला.

फरशी तशीच ओली ठेवून
रय्याला आधी कळवलं: उचलली!

तिचं उत्तर लगेच आलं:
बरं. त्यातलं प्यायलीस का?