चारशे तीन

"तू कोण?" असं तो विचारत नाहीये.
ते चारशे एक.
चारशे तीन म्हणजे: ओळखलं तुला,
तरी आत नाही.

पुंता अरेनास, पहाटेचे चार.
नायारेतनं किल्ली बदलली,
परवानग्यांची यादी दोनदा चाळली,
एकदा तर दार सताड उघडं टाकलं,
दहा सेकंद, जीव मुठीत धरून.
उत्तर तेच. सभ्य, एका ओळीचं.

फोनवर बंदरातला एलिसेओ:
खेकड्यांच्या बोटी खोळंबल्यात,
वाऱ्याचा आकडा कुठाय?
"खिडकीतून हात बाहेर काढ की!" ती खेकसली,
मग माफी मागितली.

साडेपाचला, लॉगच्या
कुणीच न वाचलेल्या रकान्यात दिसलं:
तिची प्रत्येक विनंती
सही-शिक्क्यासकट
एक तास शिळी.

काल सान्तियागोहून आलेला पोरगा
यंत्राचं घड्याळ हातानंच मागे सारून गेला होता,
त्याच्या गावच्या हिवाळ्याला धरून.
इथं दक्षिणेत काटे हलवत नाहीत,
हे त्याला कोण सांगणार?

तास पुढे केला.
दोनशे. दोनशे. दोनशे.
तिनं एलिसेओला फोन लावला.

"बोटी केव्हाच गेल्या," तो म्हणाला,
"हात बाहेर काढून पाहिला मी."