कडेवर दाबलं तर उघडतं

साकीनाक्याला, डाय बनवणाऱ्या गाळ्याच्या वर
आमचं ऑफिस. खाली प्रेस पडला
की माझा माऊस आपोआप केसभर सरकतो.

पाण्याच्या तक्रारींचा नकाशा करतेय मी.
सगळी मुंबई एका फाइलीत, नुसत्या रेषांची,
कितीही मोठी करा, फाटत नाही.
प्रत्येक विभाग एक आकार,
आकाराला कान लावून बसलेलं एक फंक्शन:
कुणी बोट ठेवलं की उठायचं,
उजवीकडे चौकट उघडायची, तक्रार लिहा.

मुलुंड उठतं. वरळी उठते.
वांद्रे तर नुसतं वरून गेलं तरी उजळतं.

सिसिलिया घोन्साल्विस, आमची टेस्टर,
केळं सोलता सोलता म्हणाली,
"अगं, हा खाडीकडचा तुकडा मेलाय."

मेला नव्हता. दिसत होता,
बारीक काळी कड, मध्ये पांढरं.
तिनं मध्यावर दाबलं. काही नाही.
परत दाबलं.
मग बाण चुकून कडेवर गेला
आणि चौकट टुणकन उघडली.

"म्हणजे कुंपणावर चढून ओरडलं तरच ऐकू येतं होय?"

आधी वाटलं, वर काहीतरी पसरलंय,
एखादी न दिसणारी पट्टी, सगळे क्लिक पिऊन टाकणारी.
असतात अशा. मागच्या महिन्यात
एका लांबलचक शीर्षकानं
अख्खा कुर्ला झाकून ठेवला होता.

या वेळी नव्हती.
कोड उघडला. बाकी सगळ्यांना रंग,
इथे लिहिलेलं: फिल, नन.
जे भरलेलंच नाही ते ब्राउझरच्या हाताला लागत नाही.
क्लिक आरपार जातो, खालच्या समुद्राला लागतो,
आणि समुद्राला आम्ही काही विचारायला शिकवलेलं नाही.

"त्या भागाचा रंग ठरला नव्हता अजून,"
ओजस म्हणाला, हेडफोन न काढता.

बाबा पालिकेत चावीवाले होते.
पहाटे साडेतीनला खांद्यावर ती लांब लोखंडी चावी,
रस्त्यातलं झाकण उचलून मोजून फेरे,
ही गल्ली एकवीस, ती चौदा.
झोपेतसुद्धा त्यांचं मनगट फिरायचं.
म्हणायचे, पाणी वरून खाली येतं
आणि बोंब खालून वर जाते.

क्लिक दोन्ही करतो.
आधी पानाच्या माथ्यावरून उतरत येतो,
शहर, उपनगर, विभाग,
मग जिथे लागला तिथून पुन्हा चढायला लागतो,
पायरीपायरीवर विचारत,
इथे कुणी आहे का ऐकणारं?
मध्येच कुणीतरी एक ओळ लिहून ठेवलेली असते,
पुढे जाऊ देऊ नका.
मग वरच्यांना कळतही नाही
की खाली कुणी बोट ठेवलं होतं.

बाबांना अशा ओळी
माणसांच्या नावानिशी पाठ होत्या.

दुरुस्ती एका शब्दाची.
नन खोडलं, ट्रान्सपरंट लिहिलं.
पडद्यावर काडीचा फरक नाही,
तेच पांढरं, तीच कड.
पण रिकामं वेगळं
आणि आरपार दिसणारं वेगळं,
एवढं त्या यंत्राला कळतं.
मला कळायला दुपार गेली.

सिसिलियानं रुमालाला बोटं पुसली,
अगदी मध्यावर दाबलं.
चौकट उघडली.
एरवी अशा जागी ती अ अ अ अ लिहिते.
आज लिहिलं:
पाणी पावणेपाचला येतं. बारा मिनिटं.
बादल्या भरतात, पिंप भरत नाही.

"तिथलं तुला काय माहीत?"
"आत्या दिलीय माझी तिथे," म्हणाली
आणि पाठवा दाबलं.

खाली प्रेस पडला.
पाठवाचं बटण मी अजून
कशालाच जोडलेलं नव्हतं.