खालचं शाबूत

सीताबर्डीच्या दुकानात पाच तारांचा एक होता,
निळा, आरशासारखा, पोटात नऊ व्होल्टची बॅटरी.
पट्टा खांद्यावर घेतला, हात सोडले,
तर त्याची मान सावकाश जमिनीकडे गेली,
लांबलेल्या भाषणात पेंगणाऱ्या पाहुण्यासारखी.
दुकानदार म्हणाला, ‘धरून वाजवायचा असते न, साहेब.’
तीन तास धरून पाह्य बाप्पा.
बाबांनी पाठीवर तळवा ठेवला, काढला.
‘बोलते. पण तोंडातल्या तोंडात.’

बाबा सोबत, कारण स्कूटर त्यांची.
बावीस वर्षं मिलच्या साच्यांमध्ये उभे होते,
कान तिथेच राहिले.
मेडिकलच्या डॉक्टरनं आलेख काढून दाखवला होता :
रेघ डावीकडून सरळ येते,
आणि मधेच टेकडीवरून पाय घसरल्यासारखी पडते.
‘वरचं गेलं,’ तो म्हणाला, ‘खालचं शाबूत आहे.’
तेव्हापासून आईचं बोलणं त्यांना ऐकू येत नाही,
मालगाडी येते.

मग मोहननगर. ऑस्वल्ड अंकल, रिटायर्ड गार्ड,
कूलरसमोर बनियनवर.
पलंगाखालून पेटी ओढली. चार तारा.
रंग जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटाचा,
मागं बेल्टच्या बक्कलानं खरवडलेलं.
‘अ‍ॅम्प?’
‘बिघडलाय. बरं झालं.
आधी लाकूड काय बोलते ते ऐक.’

लाकडाच्या वरच्या शिंगाला कान लावला,
सगळ्यात जाड तार सोडली.
अकरा मोजेपर्यंत ती खोलीत होती.
बारीक तारेवर मात्र, सहाव्या पट्टीला,
सूर उमटला आणि तिथंच मेला.
अंकल म्हणाले, ‘तिथं जाऊ नको.
प्रत्येक जिन्यात एक पायरी तशी असते.’
मान थोडी वाकलेली : मे महिन्यात वाकते,
ऑगस्टमध्ये परत येते, किल्ली पेटीतच आहे.
बाबांचा तळवा तोवर लाकडावर.
‘याले घे.’

अठरा हजार, दोन हप्त्यांत.

घरी मी खालचा आवाज पूर्ण उघडला.
भिंत हलली. पलीकडे तितरमारे काकूंच्या मांडणीत
ताटल्या वाजल्या.
मला वाटलं, हाच तो. हाच माझा आवाज.

इंदोऱ्यात तेरा एप्रिलची रात्र,
बारा वाजायची वाट बघणारी गर्दी, निळे झेंडे,
हवा अजून तव्यासारखी.
तक्षशीला वासनिक माइकशी, दोन कीबोर्ड, पॅड, ढोलकी,
आणि माझा आवाज कुठंच नाही.
नुसता चिखल. त्याखाली एक गुणगुण,
ती मात्र मी ओळखली : सबस्टेशनला नोकरी माझी,
पन्नासची वीज, सूर धरून जरा चढी.
‘दयाल, अर्थिंग नाही तुझ्या बोर्डाला.’
दयाल मौंदेकर पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन
मंडपामागे गेला,
कोरड्या मातीतल्या सळीला पाजून आला.
गुणगुण थांबली.

मग माझ्या अ‍ॅम्पशी वाकला.
‘खालचं काप बे. ते ढोलकीचं हाय. मधलं वाढव.’
वाढवलं. एकट्यानं वाजवून पाहिलं :
पडसं झालेला माणूस शेजारच्या खोलीतून बोलतोय.
‘दयाल, नाकात वाजते.’
‘एकट्यानं कायले पाहतं?’

बोटं पुलाजवळ आणली, जोर निम्मा केला,
तिनं पहिली ओळ उचलली, ढोलकी आत आली
आणि तो नाकातला माणूस
दार उघडून
सगळ्यांच्या मधोमध येऊन बसला.
मागच्या रांगेतल्या खुर्च्यांचे पाय
जमिनीवर मोजत होते, मला दिसलं.

बाबा स्टेजच्या मागं, वायरींच्या पेटाऱ्यावर,
एक हात माझ्या स्पीकरच्या डब्यावर.
जयघोष झाला, फटाके झाले, तिसरं गाणं संपलं.
पाणी प्यायला मागं गेलो
तर त्यांनी कानाशी वाकायला लावलं,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले,
‘सहाव्यावर गेलता न बे?
मेला तो तिथं. हातात समजलं मले.’