युसुफी

अल-राईच्या रोपबाजारात
इजिप्शियन माणसानं काळ्या पिशवीतलं झाड पुढं केलं.
म्हणाला, युसुफी. गोड. घरात चालतं.
फहाहीलच्या सातव्या मजल्यावर
निळ्या पिंपाला भोकं पाडून बसवलं.

गुणवंतमामा फोनवर म्हणाले,
डोळा कुठं बांधलाय ते बघ, जोड मातीत गाडू नको.
मामांनी हयातभर शेंदूरजन्याला
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधले.
माणसंही ते खुंटावरून ओळखतात.
मला कशात धरतात, कधी विचारलं नाही.

इथं मे महिन्यात नळाचं पाणी
थेट चहाला चालेल.
म्हणून एसीच्या नळीखाली बादली.
रात्रपाळीहून आले की आधी ती बघते,
मग चपला काढते.
धुळीचं वादळ गेलं की एकेक पान
ओल्या फडक्यानं पुसते, वॉर्डात कपाळं पुसते तसं.
नागअळीची चंदेरी वळणं तेवढी पुसत नाहीत.

तीन वर्षं नुसती पालवी.
मामा म्हणाले, लाड फार झाले. ताण दे.
पाणी तोड, पान सुकू दे,
त्याशिवाय बहार कसा धरेल?
मी म्हटलं, मामा, इथं आणखी कसला ताण?
आणि बादली ओतली.

डिसेंबरात रजा. पुतणीचं लग्न.
किल्ली समोरच्या इख्लासकडे,
सूचना कागदावर, चित्रांसकट.
परतले तर त्यांच्या दारावर दुसरंच नाव,
किल्ली वॉचमनकडे पाकिटात,
आणि युसुफीची पानं चहापत्तीसारखी वळलेली.
सदतीस दिवस. तिकिटावरून मोजले.
बॅग न उघडता पाणी घातलं,
आणि शिव्या, कुणाला ते नक्की नव्हतं.

फेब्रुवारीत एका पहाटे गॅलरीचं दार उघडलं
तर वासच आधी आत आला.
फांदीफांदीला पांढरं.
सातव्या मजल्यावर मधमाशी कुठली,
कापसाच्या काडीनं मीच फुलाफुलाला शिवले,
खालच्या रस्त्यावरून कुणी बघेल म्हणून लाजत.

जूनपर्यंत बहुतेक गळाली. तीन राहिली.
नोव्हेंबर सरत आला तरी हिरवीच.
रंग थंडीचा, मामा म्हणाले, गोडी झाडाची. सोल.
सोललं. दहा फोडी. गोड होत्या,
एक बी दातात आली.
दुसरं वॉचमनला दिलं.
त्याला विचारलं, इख्लास कुठं गेली?
सुदानला? त्याला माहीत नाही.
तिचा नंबर नुसता वाजतो.

तिसरं अजून झाडावर आहे.
मामा म्हणतात, राखू नको,
झाड थकतं, पुढचा बहार चुकतो.
हो म्हणते.
बादली भरत आली की उठेन.