दृष्टीआड

तक्त्यात लिहिलंय: नववा महिना, आधाराशिवाय बसतो.
बाळ बसत नाही.
बाळ गाहवोऱ्यात आहे, दोन रुंद पट्ट्यांनी
छातीपासून घोट्यांपर्यंत बांधलेलं.
वर आडवा दांडा, दांड्यावर सात पांघरुणं,
त्यांतलं एक मखमली, आईच्या लग्नातल्या झग्याचं.

मी पेन्सिल काढते. शून्य लिहायचं असतं.
खाली खोऱ्यात झरफशान गढूळ वाहते,
छपरावर जर्दाळू वाळत घातलेत,
आणि मेहरंगेझ पाळण्याच्या दांड्यावर ओणवते,
सगळा भार काखेवर, एक गुडघा सतरंजीवर,
म्हणजे बाळ दुधाकडे जात नाही,
दूधच वाकून खाली येतं.
याला तक्त्यात रकाना नाही.

दुशान्बेला शिकवलं होतं आम्हाला:
मूल म्हणजे शिडी. पायरी चुकली की नोंद करा.
ती शिडी कुणाच्या भिंतीला लावून मोजली
हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.
मला पहिल्या बाकावर बसायचं होतं.

आता लाल ठोकळा.
पट्टी सैल करून हात मोकळे करवून घेते.
ठोकळा दाखवते, वर रुमाल टाकते.
बाळानं रुमाल ओढायचा. ओढला
तर समजायचं, त्याला कळलंय:
दिसत नाही तेही असतं.

सियोवुश रुमालाकडे बघतच नाही.
माझ्याकडे बघतो, खूप वेळ, न लवता,
जणू ठोकळा मीच खाल्लाय.

मेहरंगेझ हसते. तेवढ्यात तिचा फोन वाजतो.
येकातेरिनबुर्ग. बर्फ, पराती, सिमेंटची पोती,
आणि वर्षभर घरी न आलेला एक माणूस,
ज्यानं हे मूल अजून उचललेलं नाही.
"ऐकतोय का तो? पाव्हेल म्हणतो, त्याचं नाक माझ्यावर..."
चेहरा अडकतो. चौकोन चौकोन होतो. काळा पडतो.

बाळ काळ्या काचेवर पंजा ठेवतं.
ओढू बघतं.
नखानं खरवडतं, कडेपासून, जिथून
रुमाल उचलतात तिथून.

मी रकान्याकडे बघत बसते.
हो किंवा नाही, एवढीच जागा आहे.
दृष्टीआड सृष्टी असते
हे माणसाला कितव्या महिन्यात कळावं?
मेहरंगेझला कितव्या वर्षी कळलं?

ती पट्ट्या परत बांधते, विचारते, "नापास?"
माझी आई सांगायची, तू दीड वर्षाची होऊन चाललीस,
गाहवोऱ्यातून उतरायलाच तयार नव्हतीस.
आज मी मिनीबसच्या थांब्यापासून
अकरा किलोमीटर चढून आलेय.
हे मी तिला सांगत नाही. म्हणते,
"पुढच्या महिन्यात येते." ती खिशात जर्दाळू कोंबते.

उतारावर, अर्ध्या वाटेत, पिशवी चाचपते.
ठोकळे सात. असायला हवेत आठ.
वळून बघते: घर केव्हाच कड्याआड गेलंय.

आहे. वर आहे. रुमालाखाली.
मी चालत राहते.